मराठवाड्याची तूर मराठवाड्याच्याच रेशनवर का नको?

मांजराकाठ (लातूर)

केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये डाळींच्या आत्मनिर्भरतेचं अभियान सुरू केलं, तेव्हापासून गावात विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो फुकटच्या बियाण्याचा. सहा वर्षांचा कार्यक्रम आहे, ११,४४० कोटींची तरतूद आहे, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन डाळी पिकवायच्या आहेत. ८८ लाख बियाणे किट वाटायची, नोंदणी केलेल्या शेतकऱ्याकडून तूर, उडीद, मसूर चार वर्षं सगळीच्या सगळी घ्यायची, एक हजार प्रक्रिया केंद्रांना २५ लाखांपर्यंत अनुदान द्यायचं. सगळं चांगलं आहे. हे नीट राबवलं जावं अशी मनापासून इच्छा आहे, म्हणूनच हा धागा काढतोय.

मराठवाड्यात तूर कशी पिकवायची हे लोकांना ठाऊक आहे. अडतं ते माल निघाल्यावर. २०१५ चा दुष्काळ आठवा, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. पुढचं २०१६ हे संयुक्त राष्ट्रांनी कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये झाला, पाऊसही बरा झाला आणि लोकांनी मन लावून तूर पेरली. माल बाजारात आला तेव्हा भाव ४००० च्या आसपास, कुठं त्याहून खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही. ट्रॅक्टरच्या रांगा, पोत्यांवर झोपलेली माणसं. बाहेर देशातून तूर येतच होती आणि आपल्याला डाळ बाहेर पाठवायची मात्र बंदी, जी तुरीपुरती उठली सप्टेंबर २०१७ मध्ये, शेतकऱ्याचा माल विकून झाल्यावर. त्या हंगामानं आमच्या भागातल्या लोकांचा तुरीवरचा विश्वास जो उडाला तो अजून पुरता बसलेला नाही. सोयाबीननं खरिपाची निम्म्याच्या आसपास जमीन घेतली, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

आता खाण्याकडे बघा. ज्या घरात जानेवारीत तूर निघते, त्याच घरात जून-जुलैत दुकानातून डाळ आणली जाते. उधारी, दवाखाना, लग्न यासाठी माल खळ्यावरूनच आडतीला जातो, घरी बी राहिलं तर राहिलं. मजुराच्या घरी तर विचारूच नका. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो, डाळ मिळत नाही. म्हणून वरण पातळ होत जातं.

या दोन्ही गोष्टींना एकच उत्तर आहे असं माझं मत आहे. रेशनवर दर कार्डाला महिन्याला किलोभर डाळ किंवा कडधान्य कायमचं द्या आणि ते त्याच जिल्ह्यातून, हमीभावानं खरेदी करा. तमिळनाडूत रेशनवर ३० रुपये किलोनं तूरडाळ कित्येक वर्षं मिळते. आपल्याकडेही अधूनमधून मिळाली आहे. २०२० च्या कोरोनात घरटी किलोभर, २०२२ च्या दिवाळीत आनंदाचा शिधा म्हणून १०० रुपयांच्या पिशवीत हरभरा डाळ. पण सणासुदीला किंवा संकटात दिलेल्या डाळीच्या भरवशावर कोणी पेरणी करत नाही. दर महिन्याचं गिऱ्हाईक पाहिजे.

तुमच्या भागात काय चित्र आहे, हे जमेल का, कुठं अडेल, ते सांगा. शेती करणारे, शाळेत-अंगणवाडीत काम करणारे, बाजारातले, सगळ्यांनीच लिहा.


तिफण (परभणी)

दादा, तुमचं म्हणणं पटतंय, पण रानातली गोष्टबी मांडा. सोयाबीन शंभर दिवसांत खळ्यावर येतंय, मागं हरभरा नाहीतर ज्वारी घेता येती. तूर पाच-सहा महिने रान अडकवती. सोयाबीनला हार्वेस्टर चालतंय, तूर कापायला माणूस लागतंय अन् माणूस मिळंना झालंय. फुलात आली की धुई पडती, फुलं गळत्यात. शेंग धरली की अळी. अळीतून वाचली की हरणं अन् रानडुकरं. आमच्या शिवारात नदीकाठच्या पट्ट्यात लोकांनी तूर लावायचीच बंद केली ती भावानं नाही, डुकरानं. रात्रभर राखणीला कोण जायलंय आता? पोरं पुण्याला.

आम्ही अजून सोयाबीनमध्ये चार ओळीमागं दोन ओळी तूर घेतो. घरचं वरण सुटतं अन् सोयाबीन बुडालं तर तूर हात देती. पण ती तूर कागदावर येत नाही नीट. ई-पीक पाहणीत, म्हंजी मोबाइलवरच्या पीकनोंदणीत, आंतरपीक चुकलं की खरेदी केंद्रावर नाव नाही. नाव असलं तर हेक्टरी मर्यादा. शिल्लक माल मग आडतीलाच.


काळी_माती (बदनापूर)

धागा चांगला आहे. बियाण्याच्या बाजूनं थोडं लिहितो, मी त्याच क्षेत्रात काम करतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं इथलं कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी देशभर ओळखलं जातं. मर आणि वांझ या दोन रोगांनी पूर्वी अख्खी रानं बसायची. वांझ रोगात झाड हिरवंगार वाढतं, पानं बारीक-पिवळसर राहतात आणि फूलच लागत नाही, शेतकऱ्याला कळतं तेव्हा हंगाम गेलेला असतो. बीएसएमआर ७३६ आणि ८५३ हे वाण या दोन्हींना तोंड देणारे निघाले. त्यानंतर बीडीएन ७११ आला, साधारण १५०-१६० दिवसांत तयार होतो, त्यामुळे हलक्या-मध्यम रानात शेवटचा पाण्याचा ताण बसायच्या आत पीक हाती येतं. बीडीएन ७१६ लाल दाण्याचा, गोदावरी पांढऱ्या दाण्याचा. तिफण यांनी रान अडकतं म्हणून लिहिलं आहे, त्यांनी ७११ बघावा. हरभऱ्यात राहुरीचा फुले विक्रम उंच वाढतो, घाटे वर लागतात, म्हणून हार्वेस्टरनं काढता येतो. असं वाण तुरीतही लवकर यायला हवं, मजुरीचा प्रश्न तिथंच सुटेल.

मला काळजी आहे ती किटची. फुकटचं किट चार-पाच किलोचं असतं आणि पुष्कळदा पेरणी झाल्यावर पोचतं. त्यापेक्षा गावातल्या दहा शेतकऱ्यांना एकाच वाणाचं पायाभूत बियाणं (ज्यापासून पुढचं बियाणं तयार करतात ते) मे महिन्यात द्यावं आणि त्यांच्याकडून गावानं पुढची दोन-तीन वर्षं बियाणं घ्यावं. तुरीत मधमाश्यांमुळे वाण मिसळतो, म्हणून सगळ्यांनी लागून-लागून एकच वाण लावला तर शुद्ध राहतो. हे काम एकट्यानं होत नाही, गावानं करायचं आहे आणि सरकारनं त्यासाठी पैसा द्यायचा आहे.

आणखी एक, खर्च शून्याच्या जवळचा. पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास तुरीचा शेंडा खुडला की फांद्या वाढतात, शेंगा वाढतात. अजूनही निम्मे लोक करत नाहीत.


शाळेची_घंटा (हिंगोली)

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोषण आहाराचं बघते, म्हणून खाण्याच्या बाजूचं लिहिते.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, सहावी ते आठवीला ३० ग्रॅम, असं प्रमाण आहे. तांदूळ १०० आणि १५० ग्रॅम. २० ग्रॅम म्हणजे कोरडी मटकी एका लहान मुठीत मावते. तरीही आमच्या तांड्यावरच्या काही मुलांच्या पोटात दिवसभरात जाणारं कडधान्य तेवढंच असतं, हे मी खात्रीनं सांगते, कारण मी त्यांच्या घरी जाते.

आता माल. आमच्याकडे एका हंगामात आलेली मटकी इतकी जुनी होती की रात्रभर भिजवून फडक्यात बांधली तरी निम्म्या दाण्यांना मोड नाही. गणंगच, म्हणजे न भिजणारे कडक दाणेच जास्त. स्वयंपाकाच्या ताई सकाळी सातला येऊन परातीत पसरून एकेक दाणा वेचत होत्या, कारण मुलाच्या दाताखाली गणंग आला की ते ताट सरकवतं आणि पुन्हा उसळ म्हटलं की नाक मुरडतं. पाककृतीच्या कागदावर मोड आलेलं कडधान्य लिहिलेलं असतं. मोड येईल असा दाणा कोण देणार, हे कुठंच लिहिलेलं नाही. आणि याच गावच्या बाजारात ताजी मटकी, ताजे मूग घेऊन बायका बसलेल्या असतात!

मूग ताजे असले की मुलं किती आवडीनं खातात ते बघायला या. फोडणीत थोडा गूळ, वरून चुरमुरे. एकदा ताईंनी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले तर पातेलं खरवडून संपवलं.

मांजराकाठ दादा, रेशनचं मोठं काम सरकारचं, पण शाळेची खरेदी गावच्या बचत गटाकडून करायची मुभा दिली तर उद्यापासून फरक पडेल. १०० मुलांच्या शाळेला २०० दिवसांत साधारण ४ क्विंटल कडधान्य लागतं. दीड-दोन एकरांचा माल आहे हा. एक शेतकरी एक शाळा सांभाळू शकतो.


तिफण (परभणी)

घंटाताई, हे लई भारी सांगितलंत. शाळा जर आमचे मूग घेणार असंल तर मी पुढल्या वर्षी मूग पेरतो. पूर्वी मुगाचा पैसा पोळ्याला हातात यायचा, बैलाचा साज त्यातून व्हायचा. आता काढणीला पाऊस लागतोय, शेंगेतच कोंब येतंय अन् आडत्या म्हणतोय डागी माल, निम्मा भाव. म्हणून सोडला.


आडत_ओळ (लातूर)

डाळमिलमध्ये हिशेबाचं काम करतो. इथं मिलवाल्यांवर राग निघणार हे दिसतंय, म्हणून आमची बाजू.

लातूरची फटका डाळ देशभर जाते. तुरीपासून डाळ करणं हे वेळखाऊ काम आहे. चाळून प्रतवारी करायची, एमरी रोलवर (खरखरीत रुळावर) दाण्याला चरे पाडायचे, तेल लावून ढिगात मुरवायचं, उन्हात पसरायचं, पुन्हा रोलवर घालायचं. सालपट चिवट असतं, एका पाळीत निघत नाही. क्विंटलमागे ७०-७५ किलो डाळ पडते, बाकी चुनी आणि कोंडा, तो जनावरांना. आपली तूर जानेवारीत येते आणि मे-जूनपर्यंत आवक आटते. मिल बारा महिने चालवायची तर उरलेले महिने ब्रह्मदेशची लेमन, मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुशा घ्यावी लागते. ती आली नाही तर मिल बंद, हमाल घरी आणि शहरात डाळ पुन्हा दोनशेला. आयात पूर्ण थांबवा म्हणणाऱ्यांनी हमालांच्या घरचाही विचार करावा.

पण एक गोष्ट आम्हालाही खटकते. आयातीचं वेळापत्रक शेतकऱ्याच्या हंगामाकडे बघत नाही. तुरीची आयात २०२१ च्या मे महिन्यापासून मोकळी आहे आणि मुदत वाढतच गेली. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ दोन वर्षं शुल्काविना येत होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागलं. तो स्वस्त वाटाणा बेसनात मिसळला जातो आणि हरभऱ्याचा भाव बसतो. २०२४-२५ मध्ये सगळ्या डाळी मिळून ७३ लाख टनांच्या आसपास आयात झाली, आजवरची सर्वात जास्त. माझं म्हणणं असं की डिसेंबर ते एप्रिल तूर-हरभऱ्यावर शुल्क ठेवा आणि पावसाळ्यात ते कमी करा. वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा जाहीर करा. आडत्याला, मिलला, शेतकऱ्याला, सगळ्यांना आधी कळलं तर कोणीच बुडत नाही. अचानक निघालेल्या अधिसूचनेनं एका रात्रीत कोणीतरी लाखो कमावतं आणि ते नक्कीच शेतकरी नसतात.


सीमेवरचा (निलंगा)

आमचा निम्मा बाजार कर्नाटकात. कलबुर्गीला तुरीसाठी वेगळं मंडळ आहे, गुलबर्गा तुरीला भौगोलिक मानांकन आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७५५० असताना कर्नाटक सरकारनं वर ४५० रुपये दिले, म्हणजे शेतकऱ्याला ८००० पडले. नदीच्या अलीकडे तीच तूर, तीच काळी जमीन, आणि भाव हमीभावाच्याही खाली.

आमच्या तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. लवकर शिजते, चवीला गोड, येळवसाच्या (वेळ अमावस्येच्या) भज्जीत तिचे ओले दाणे पडले की चव सांगावी लागत नाही. पण मानांकनाचं प्रमाणपत्र आल्यावर शेतकऱ्यासाठी पुढं काय? पॅकिंग, नोंदणी, विक्री यासाठी कोणी माणूस नेमलेला नाही. तुरीचं मंडळ मराठवाड्यात का होऊ नये? लातूर ही त्याची जागा आहे.


पोषण_ताट (छत्रपती संभाजीनगर)

आहारशास्त्र शिकवते. एक-दोन गोष्टी.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. चार माणसांचं घर धरलं तर महिन्याला दहा किलो! मांजराकाठ मागतात तो एक किलो म्हणजे सुरुवात आहे.

आपल्या आजीचं ताट मात्र शास्त्राला धरून होतं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. भाकरी आणि वरण एकत्र खाल्लं की दोन्हीची उणीव भरते. ज्वारी गेली, रेशनचा तांदूळ आला, डाळ पातळ झाली आणि ही जोडीच मोडली.

आणि मराठवाड्यात प्रथिनं पिकत नाहीत असं अजिबात नाही. सोयाबीन हेही शेंगवर्गीयच पीक, दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. आपल्याच रानातून ती निघतात, तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशात जाते. आणि त्याच गावातल्या गरोदर बाईच्या ताटात मिरचीचा ठेचा आणि भात. मला हे चित्र असह्य वाटतं. सोयाबीन नीट उष्णता दिल्याशिवाय पचत नाही, म्हणून घरी ते वरणासारखं वापरता येत नाही. पण गहू-ज्वारीच्या दळणात भाजलेलं थोडं सोयाबीन घालायला अंगणवाडीतून शिकवता येईल.

रेशनवर डाळच हवी असं नाही. अख्खा हरभरा द्या. स्वस्त पडतो, मिलचा खर्च नाही, चोथा जास्त, वर्षभर टिकतो.


मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. पोषणताईंनी हरभऱ्याचं सुचवल्यावर मी हिशेब मांडून बघितला.

राज्यात अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ७ कोटी माणसं येतात. घरटी साडेचार-पाच धरली तर दीड कोटीच्या आसपास कार्डं. कार्डाला किलो म्हणजे महिन्याला १५ हजार टन, वर्षाला १ लाख ८० हजार टन डाळ. त्याला तूर लागेल अडीच लाख टनांच्या आसपास. राज्याचं तुरीचं उत्पादन दहा लाख टनांच्या आसपास असतं, म्हणजे चौथा हिस्सा माल दरवर्षी, ठरलेल्या भावानं, घरच्याच माणसांसाठी उचलला जाईल. एवढं मोठं आणि भरवशाचं गिऱ्हाईक बाजारात उभं राहिलं तर बाकीच्या तीन हिश्श्यांचा भावही सावरतो.

खर्च? २०२५-२६ चा हमीभाव ८०००. त्या भावानं घेतलेल्या तुरीची डाळ किलोला १२० च्या आसपास पडेल. ३० रुपयांना दिली तर सरकारला वर्षाला दीड ते पावणेदोन हजार कोटी लागतील. रक्कम मोठी आहे, मान्य. अख्खा हरभरा ५८७५ च्या हमीभावानं घेतला तर पोती-वाहतूक धरून किलोला ६५ च्या आत पडतो आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. म्हणून सहा महिने तूरडाळ, सहा महिने हरभरा. आणि आधी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू करा, कारण माल इथंच आहे आणि गरजही इथंच आहे. एखाद्या गावात ४०० कार्डं असतील तर वर्षभराच्या डाळीला १७-१८ एकरांची तूर पुरते. ती त्या गावच्या शिवारात आजही उभी असते. तिथून ती आडतीला, मिलला, गोदामाला, दुकानाला फिरून त्याच गावात दुप्पट भावानं परत येते.

आडत_ओळ, तुमचा शुल्काच्या तारखांचा मुद्दा मला एकदम पटला. मिलवाल्यांवर माझा राग नाही. रेशनची डाळ भरडायचं काम लातूर-जालन्याच्या मिलना मिळालं तर आवक आटलेले महिनेही भरून निघतील.


माळरान (भूम)

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ना तूर धड येते ना सोयाबीन. मुरमाड रान, हातभर माती. तिथं पिढ्यान्‌पिढ्या हुलगा आणि मटकी निघते. पेरलं की सोडून द्यायचं, दोन पावसांवर येतं, खत मागत नाही, फवारणी मागत नाही. हुलग्याचं माडगं पिऊन माणसं दिवसभर पाळी घालायची. सर्दी झाली की आजही पहिलं माडगंच.

पण धोरणात हुलगा कुठंच नाही. हमीभाव तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर एवढ्यांनाच. मटकीला नाही, हुलग्याला नाही, चवळीला नाही, वालाला नाही. सरकारी केंद्र हा माल घेतच नाही, मग भाव व्यापारी ठरवतो. पीक निघतं ते घरच्या बाईच्या कष्टानं. ती उपटते, ती बडवते, ती वारं बघून उधळते. पायलीनं विकते ती आठवडी बाजारात.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या भूम-परांड्याकडं शेतंच्या शेतं खरवडून गेली. सखलातल्या तुरीत पाणी साचलं आणि झाडं उभी वाळली. माळावरचा हुलगा मात्र पाण्याचा निचरा झाल्यामुळं तगला. एक रुपयाचा विमा २०२५ पासून बंद झालाय, भरपाई आता पीक कापणीच्या प्रयोगावर. त्यात हुलगा-मटकी धरणार कोण? पाऊस असा लहरी झाला असताना जी पिकं दुष्काळात आणि पुरात दोन्हीकडं तगतात त्यांनाच आपण वाऱ्यावर सोडलंय.

शाळेची घंटा ताई, तुमच्या शेंगोळ्याचं वाचून फार बरं वाटलं. शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा हुलगा किंवा मटकी गावातूनच घ्यायची असा नियम झाला तर आमच्या बायकांना पहिल्यांदा पक्कं गिऱ्हाईक मिळेल.


अंबाजोगाईची_लेक (पुणे)

वाचतेय सगळं. शहरातल्यांनी काय करावं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी मिळून माझ्या माहेरच्या शेजारच्या बचत गटाकडून वर्षाची तूरडाळ घ्यायला सुरुवात केलीय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल आहे त्यांच्याकडे. डाळ मिलच्या डाळीसारखी चकचकीत दिसत नाही, कुठं सालपट राहतं, पण शिजल्यावर घरभर जो वास सुटतो तो दुकानच्या डाळीला कधीच येत नाही. पैसे आम्ही फेब्रुवारीतच देतो, त्यामुळे त्या बायकांना आडतीला तूर घालावी लागत नाही. हे सगळीकडे होण्यासारखं आहे. अभियानातल्या त्या एक हजार प्रक्रिया केंद्रांपैकी निदान काही अशा गटांकडे जावीत. मोठ्या गुंतवणूकदारांनी सगळी उचलू नयेत.


आडत_ओळ (लातूर)

लेकताई, मिनी मिलवाल्या गटांना एक सांगा. तुरीत ओलावा जास्त असताना भरडली की चुरा फार पडतो आणि उतारा घटतो. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर अजून दोन ऊन द्या. साठवण्याआधी तर हे बघायचंच, नाहीतर जूनमध्ये भुंगा.


तिफण (परभणी)

माळरान भाऊंचं खरंय. अन् डुकराचं कोणीच काही बोलंना. धोरण-धोरण म्हणताना तुरीच्या रानाला सामूहिक कुंपण द्या म्हणावं. एकट्यानं तार मारली तर ते शेजाऱ्याच्या रानात जातंय, भांडण तिथंच. अख्ख्या शिवाराला मिळून सौर कुंपण केलं तरच तूर परत येईल. वन विभागाकडं अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, तोवर शेंग संपलेली असती.


मांजराकाठ (लातूर)

तिफण भाऊ, कुंपणाचं घेतलंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात ठराव मांडायचा आहे, त्याचा मजकूर इथल्या चर्चेतूनच तयार केलाय. थोडक्यात सांगतो, कमी-जास्त असेल ते कळवा.

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत रेशनवर दर महिन्याला किलोभर तूरडाळ किंवा अख्खा हरभरा सवलतीच्या दरात द्यावा आणि तो त्याच जिल्ह्यातल्या नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून हमीभावानं घ्यावा, ही मुख्य मागणी. शाळा आणि अंगणवाडीचं कडधान्य गावच्या किंवा शेजारगावच्या बचत गटाकडून, चालू हंगामाचं, घ्यायची परवानगी द्यावी. आंतरपिकाच्या तुरीची ई-पीक पाहणीत वेगळी नोंद व्हावी आणि केंद्रावरची हेक्टरी मर्यादा काढावी. हुलगा आणि मटकीला हमीभावाच्या यादीत घ्यावं. तुरीच्या सलग शिवाराला सामूहिक कुंपणासाठी अनुदान मिळावं. आयात शुल्काच्या तारखा पेरणीआधी, म्हणजे मे महिन्यात जाहीर व्हाव्यात. बियाणं काळी_माती यांनी सांगितल्याप्रमाणे गावातच तयार करण्याचा प्रस्ताव कृषी सहायकांकडे वेगळा देतोय, कारण ते काम ठरावाची वाट न बघता याच मेमध्ये सुरू करता येईल.

आपापल्या गावात कोणी हाच ठराव मांडणार असेल तर मजकूर खुशाल घ्या. एका गावाचा कागद फायलीत राहतो, पन्नास गावांचे आले तर जिल्हाधिकारी कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं.


शाळेची_घंटा (हिंगोली)

दादा, शाळेच्या परिच्छेदात "चालू हंगामाचं" याच्यापुढं "मोड येणारं" एवढं टाका. माल उतरवून घेताना मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी मोड मोजायचे, शंभरात नव्वदांपेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर पोती परत. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीसमोर मी हेच लेखी ठेवणार आहे. त्यातल्या दोन आया स्वतः मूग पिकवतात, त्यांना तपासणी शिकवावी लागणार नाही.


काळी_माती (बदनापूर)

घंटाताई, दाणे मोजून शंभर घ्या आणि मटकीला पूर्ण ३६ तास द्या, थंडीत मोड उशिरा येतात. मांजराकाठ, बियाण्याच्या प्रस्तावात जिवाणू संवर्धनही लिहा, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम. दहा शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर फेब्रुवारीअखेर पाठवलेत तर पायाभूत बियाण्याची मागणी वेळेत नोंदवता येईल.